सार्डिनियातले नुरागे आणि राक्षसांची थडगी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सार्डिनियात पहिल्यांदा गाडी चालवताना एक गंमत होते. दूरच्या टेकाडावर काळसर दगडांचा ढिगारा दिसतो. आपण म्हणतो, कुठल्यातरी किल्ल्याचा पडका बुरूज असेल. पाच मिनिटांत दुसरा दिसतो, वळणावर तिसरा. दुपारपर्यंत आपण मोजायचं सोडून देतो. इटलीच्या या बेटाचं क्षेत्रफळ अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट, म्हणजे सुमारे 24,000 चौरस किलोमीटर. तेवढ्यात असे सुमारे 7,000 बुरूज नोंदलेले आहेत. त्यांना म्हणतात नुरागे.

हे किल्ले आहेत का? खात्रीने कुणीच सांगत नाही. गढी, सरदाराचं घर, कोठार, टेहळणीची जागा, देवस्थान असे सगळे अंदाज झाले आहेत, आणि हजार वर्षांच्या वापरात बहुधा त्यातलं बरंचसं खरंही असेल. बांधकामाचा काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वी 1800 ते 1100. आपल्याकडे इनामगाव-दायमाबादला लोक कुडाच्या घरात राहून रंगीत मडकी घडवत होते, साधारण तोच काळ.

तिथे जायचं ठरवलंत तर माझा एकच आग्रह आहे. आठवड्यात वीस नुरागे 'करू' नका. तिकीट असलेला एक मोठा नुरागे पाहून डोळा तयार करा आणि मग रानातला एक बिनतिकिटाचा शोधून काढा. खरी मजा दुसऱ्यात आहे, पण पहिला पाहिल्याशिवाय दुसरा वाचता येत नाही.

आधी काळाचा गोंधळ मिटवा

नवखा माणूस हमखास चुकतो तो इथे. बुरूज आणि थडगी एकाच काळातली असं तो धरून चालतो. जमिनीखाली कातळात कोरलेली थडगी बुरुजांपेक्षा हजार-दीड हजार वर्षांनी, काही तर त्याहूनही जुनी आहेत. त्यांना म्हणतात 'दोमुस दे जानास', म्हणजे पऱ्यांची घरं. दारं एवढीशी, आत खोल्या एवढ्याशा. मग इथे पऱ्याच राहत असणार, असं पुढच्या लोकांनी ठरवून टाकलं. 'राक्षसांची थडगी' मात्र बुरूज बांधणाऱ्यांचीच. त्यात राक्षस नव्हते, गावची साधीच माणसं एकत्र पुरलेली होती. थडगं पंधरा-वीस पावलं लांब, मग त्यात झोपणारा केवढा असेल, हा तर्क. आपल्याकडे कुणी बांधलं ते ठाऊक नसलेलं लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं. तिथे ते काम पऱ्यांनी आणि राक्षसांनी वाटून घेतलं आहे.

कधी आणि कसं

एप्रिल-मे उत्तम, ऑक्टोबरही चालेल. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो आणि नुरागेच्या आसपास सावली नावाला नसते. वसंतात गवत हिरवं असतं, पांढऱ्या अस्फोडेलचे तुरे गुडघाभर उंच झालेले असतात आणि दगडांचा काळा रंग उठून दिसतो. फोटो काढणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये.

विमानतळ तीन: दक्षिणेला काल्यारी, ईशान्येला ओल्बिया, वायव्येला आल्गेरो. भारतातून जाणाऱ्यांना रोम किंवा मिलानसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. व्हिसा शेंगेनचा. गाडी भाड्याने घ्या, कारण गावोगावच्या बसचं वेळापत्रक शाळा-बाजारासाठी असतं, आपल्यासाठी नाही, आणि रविवारी तर नावच नको. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. बहुतेक गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात आणि स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या दिवशी माझा डावा हात दर वळणावर दाराच्या काचेवर आपटत होता.

काल्यारीपासून पोर्तो तोर्रेसपर्यंत बेटाच्या कण्यासारखा एक हमरस्ता जातो, एसएस 131. पहिल्या खेपेला याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहा. वारसास्थळांच्या पाट्या तपकिरी असतात. फाट्यावर पाटी दिसते, पुढच्या फाट्यावर ती नसते. तेव्हा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, रानात रेंजचा भरवसा नाही.

पहिला नुरागे: बारूमिनी नको, लोसा घ्या

सगळे जण आधी बारूमिनीच्या 'सू नुराझी'ला धावतात. काल्यारीपासून तासाभरावर आहे, 1997 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि जागा भव्य आहे यात वाद नाही. मधला बुरूज, त्याला बिलगून चार बुरूज, बाहेर गोल घरांचं अख्खं गाव. हे सगळं मातीखाली होतं. लोकांना ती टेकडीच वाटायची. त्याच गावात जन्मलेल्या जोव्हान्नी लिल्लिऊ या पुरातत्त्वज्ञाने 1950 च्या दशकात ती खणून काढली. पण पहिलंच हे पाहिलं तर डोकं गरगरतं. शतकानुशतकं भर घालत, दारं बुजवत, भिंतींना भिंती जोडत गेलेलं बांधकाम आहे ते. शिवाय वाटाड्याबरोबरच आत जावं लागतं, त्यामुळे एका दगडासमोर रेंगाळता येत नाही.

म्हणून सुरुवात अब्बासान्ताजवळच्या लोसापासून करा. हमरस्त्याला लागूनच आहे. इथलं पठार बेसाल्टचं, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या जातीचा काळा दगड. मेंढ्यांची कुरणं आणि त्यांच्या कडेने दगडावर दगड ठेवलेले गडगे. कोकणातला माणूस इथे उतरला की त्याला क्षणभर घरी आल्यासारखं वाटेल, फक्त समुद्राचा वास नाही.

आता वाचायचं कसं ते सांगतो. हे जमलं की बाकीचे सहा हजार नऊशे नव्व्याण्णव सोपे आहेत.

आत घुसण्याची घाई करू नका. आधी बाहेरून एक प्रदक्षिणा. तळाचे दगड बघा: ओबडधोबड, काही तर म्हशीएवढे. वर जाल तसे लहान आणि घडीव होत जातात. भिंत आत कललेली असते, शेंडा उडवलेल्या शंकूसारखी. चुना नाही, चिखलाचा गिलावा नाही, नुसती रचाई. मोठ्या दगडांच्या फटीत लहान चिपा ठोकून बसवलेल्या दिसतील. मग मोबाइलमधलं होकायंत्र काढून दार कुठल्या दिशेला आहे ते पाहा. बहुतेक वेळा दक्षिण किंवा आग्नेय निघेल.

दारावर एक लांबलचक आडवी शिळा असते. तिच्या वर बारीक झरोका दिसतो का बघा. तो उजेडासाठी असेल असं वाटतं, पण त्याचं मुख्य काम वेगळं: वरचं ओझं थेट शिळेवर न येता दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरावं. हा झरोका दिसला की बांधणाऱ्यांबद्दलचं आपलं मत तिथल्या तिथे बदलतं.

आत बोळ. साधारणपणे उजव्या हाताला एक कोनाडा असतो, माणूस उभा राहील एवढा. गडावरच्या दरवाजातली पहारेकऱ्यांची देवडी आठवा. डावीकडे जिना, आणि तो भिंतीच्या जाडीतून वळत वर जातो. भिंतच कित्येक हात जाड असते, तिच्यात जिना सहज मावतो. बोळ संपला की गोल दालन, भोवती दोन किंवा तीन कोनाडे.

इथे थांबा. टॉर्च बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि मग वर बघा. दगडाचं प्रत्येक वर्तुळ खालच्या वर्तुळापेक्षा चार बोटं आत सरकलेलं आहे, त्यावरचं आणखी चार बोटं. असं करत करत शेंड्याला भोक उरतं आणि ते एका शिळेने झाकलेलं असतं. ही खरी कमान नव्हे, इथे कमान अडकवून धरणारा मधला किल्लीचा दगड नाही. प्रत्येक दगडाचं शेपूट मागच्या भरावाच्या वजनाखाली दाबलेलं आहे म्हणून तो पडत नाही. इसिली गावच्या 'इस पारास' नुरागेतलं असं दालन जवळजवळ 12 मीटर उंच आहे. तिथे मान दुखेपर्यंत वर पाहत राहिलो होतो.

लोसा झालं की त्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटांवर पाऊलिलातिनोजवळचं सान्ता क्रिस्तिना करा. तिथे बुरूज आहेच, पण पाहायची ती पवित्र विहीर. आपण बारवा पाहिलेली माणसं, त्यामुळे पायऱ्या उतरून पाण्याशी जाण्यात आपल्याला नवल नाही. नवल त्या घडाईचं आहे. बेसाल्ट इतका काटेकोर कापलाय की फटीत नख जाणार नाही. बुरुजांचे ओबडधोबड दगड पाहून आलेल्या माणसाला हे त्याच संस्कृतीचं काम आहे हे पटवून घ्यायला वेळ लागतो.

मग तोर्राल्बाचं सान्तु आन्तिने. हा तीन मजली बुरूज अजूनही 17 मीटरच्या वर उभा आहे, आणि भोवतालच्या तटबंदीतून लांबच लांब आच्छादित बोळ फिरतात. बारूमिनी सगळ्यात शेवटी ठेवा. तोवर तुम्ही वाटाड्याला प्रश्न विचारण्याच्या लायकीचे झालेले असाल. आल्गेरोकडे उतरला असाल तर पाल्माव्हेरा सोयीचं. तिथल्या बैठकीच्या गोल खोलीत मधोमध नुरागेचीच छोटी दगडी प्रतिकृती आहे (मूळ संग्रहालयात आहे, जागेवर नक्कल). पडून गेलेला माथा मुळात कसा होता, कठडा कसा बाहेर आलेला होता, ते या प्रतिकृतींवरूनच कळतं.

थडग्यांकडे

आल्गेरोजवळचं आंगेलू रूयू हे पऱ्यांच्या घरांचं सगळ्यात सोपं ठिकाण. सपाट माळरान, त्यात कातळात खाली कोरत नेलेली 38 थडगी. 1903 मध्ये दगड काढताना ती सापडली. वरून काहीच दिसत नाही, एकदम पायाशी खड्डा येतो, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नका. काही थडग्यांत भिंतीवर बैलाची शिंगं कोरलेली आहेत, काही ठिकाणी खोटी दारं. पलीकडे खोली नाही, दगडातच चौकट कोरलेली. ते दार जिवंत माणसासाठी नव्हतं. अशा थडग्यांचा एक समूह 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळे गर्दी वाढेल असं वाटतं. पाऊस पडून गेला असेल तर आत पाणी साचतं. गुडघ्यांवर रांगायची तयारी ठेवा, पांढरी पँट घालू नका.

राक्षसांच्या थडग्यासाठी ईशान्येला आर्झाकेनाकडे जा. तिथलं 'कोद्दू वेक्किऊ' ग्रॅनाइटचं आहे. समोर चंद्रकोरीसारखी उभ्या शिळांची रांग आणि मधोमध सुमारे चार मीटर उंच, वर गोलाई दिलेली शिळा. तिच्या पायाशी एक लहानसं दार, ज्यातून जेमतेम माणूस सरपटेल. मागे लांबट दालन. उभे राहा, पण चंद्रकोरीच्या मध्यावर, आणि दोन्ही हात पसरल्यासारखी ती रांग तुमच्याकडे येते की नाही बघा. विधी या अंगणात होत असावेत असं मानतात. जवळच ला प्रिस्जोना हा नुरागे आणि त्याची वसाहत आहे. जिवंतांची वस्ती आणि मेलेल्यांची जागा एकमेकांपासून किती दूर ठेवलेली होती, हे इथे एका सकाळी पायाखालून घालता येतं.

आता रानातला नुरागे

इथे लेख लांबणार आहे, कारण इथेच माणसं अडचणीत येतात.

नकाशावर 'नुरागे' हा शब्द लिहिलेला एखादा ठिपका निवडा. डांबरी रस्त्यापासून किलोमीटरभराच्या आतला. पहिल्याच दिवशी डोंगरात शिरू नका. गाडी अशी लावा की ट्रॅक्टर जाऊ शकेल. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर तर मुळीच लावू नका, कारण तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं आणि या बेटाला वणव्यांचा फार जुना जाच आहे. त्याच कारणाने सिगारेटही गाडीतच ठेवा.

जमीन बहुधा कुणाच्यातरी मालकीची असते, बुरूज संरक्षित असला तरी. आसपास माणूस दिसला तर आधी विचारा. 'बोनजोर्नो, पोस्सो वेदेरे इल नुरागे?' एवढं पाठ केलं तरी पुरतं: नमस्कार, नुरागे पाहू का? मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. 'खासगी मालमत्ता' अशी पाटी आणि कुलूप असेल तर मात्र मुकाट्याने परत फिरा, हजारो आहेत. फाटक नुसतं तारेच्या कडीने अडकवलेलं असेल तर ते जसं होतं तसंच मागे लावायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. गडग्यावरून उडी मारू नका. तो सुक्या रचाईचा असतो, एक दगड घसरला की चार येतात, आणि ते पुन्हा लावायला मेंढपाळाला यावं लागतं.

कुत्र्यांचं ऐका. मेंढ्यांबरोबर पांढरी, दांडगी राखणदार कुत्री असतात. आपली सवय अशी की कुत्रं अंगावर आलं की खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणायचा. इथे ते करू नका, पळूही नका. जागच्या जागी थांबा, त्याच्या डोळ्याला डोळा देऊ नका आणि कळपापासून दूर सरकत मोठा वळसा घ्या. त्याचं भांडण तुमच्याशी नसतं, मेंढ्यांपासून तुम्ही किती दूर आहात एवढंच ते पाहत असतं. अब्बासान्ताच्या पठारावर मी एकदा नकाशात डोकं खुपसून चालता चालता थेट कळपात शिरलो होतो. तीन कुत्री तीन बाजूंनी आली. मी पुतळ्यासारखा उभा. कुठूनतरी एक शिट्टी झाली आणि तिन्ही खाली बसली. मग गडग्याआडून म्हातारा मेंढपाळ उठला. त्याने काही विचारलं नाही. काठीने एका काळ्या ढिगाऱ्याकडे बोट केलं, म्हणाला 'नुरागे', आणि मग माझ्या बुटांकडे पाहून मान हलवली.

बूट कॅनव्हासचे होते. चूक माझी. बुरुजाच्या भोवती नेहमी पडलेल्या दगडांचा खच असतो आणि त्यावर काटेरी जाळी, आपल्या करवंदीसारखीच चिवट. कुठे फड्या निवडुंग. घोटा धरून ठेवणारे बूट आणि लांब, जाड पँट हवीच. दगड हलतात, म्हणून प्रत्येक पाऊल टाकण्याआधी वजन तोलून बघा. माथ्यावर अनेकदा रानअंजीर उगवलेलं असतं. आपल्याकडे पिंपळ जे देवळाचं करतो तेच हे बुरुजाचं करतं: मुळांनी थर फोडतं. अंजिराखालच्या भागापासून लांब राहा.

त्या दिवशी त्या ढिगाऱ्याचं दार मला दुसऱ्या प्रदक्षिणेत सापडलं. आडवी शिळा जागेवर होती, पण बोळ मातीने अर्धा भरलेला, त्यामुळे वाकून जावं लागलं. आत लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास. मेंढ्या उन्हाच्या वेळी इथेच बसत असणार. टॉर्च उजवीकडे टाकला: कोनाडा. डावीकडे: जिन्याची पहिली पायरी, पुढे सगळं कोसळलेलं. कुठे पाटी नाही, तिकीट नाही, सांगणारा नाही, आणि तरी मला पुढचं सगळं ठाऊक होतं. पडलेला मजलाही दिसायला लागला.

आत जायचे नियम थोडे आणि कडक. एकट्याने जाणार असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी कुठे चाललात ते सांगून निघा. वरचा शेंडा उघडा पडलेला असेल, थर फुगलेले असतील किंवा ताजे दगड पडलेले दिसत असतील तर बाहेरूनच नमस्कार. माथ्यावर चढू नका. वरून भक्कम दिसणारा थर खालच्या दालनाचं छत असतो. कोसळलेल्या जिन्यावर तर पायही ठेवू नका. जमिनीवरही लक्ष असू द्या, काही दालनांत विहीर असते. काही झालंच तर 112 ला फोन.

आणि एक सांगतो, कधीकधी काहीच सापडणार नाही. नकाशावर नाव असतं, जागेवर दोन थर उरलेले असतात, बाकीचे दगड शेजारच्या गडग्यात गेलेले. काही नुरागे मुळात बुटके, नुसत्या बोळांचे आणि जुन्या घडणीचे असतात, त्यांत उंच दालन नसतंच.

काही उचलू नका

पायाशी खापराचा तुकडा दिसेल. हातात घेऊन पाहण्याचा मोह होईल. घेऊ नका, आणि खिशात तर नाहीच नाही. इटलीत जमिनीत किंवा जमिनीवर सापडलेल्या पुरावस्तू सरकारच्या. काही महत्त्वाचं दिसलंच तर ते जागेवर ठेवून 24 तासांत कळवायचं असतं. धातुशोधक यंत्र नेण्याचा विचारही नको. या बेटावर समुद्रकिनाऱ्याची वाळू किंवा शिंपले नेल्याबद्दलही 500 ते 3,000 युरो दंड आहे, यावरून ओळखा.

झोळीत काय

दोन लिटर पाणी, टोपी, टॉर्च (मोबाइलचा पुरत नाही, दालनाच्या शेंड्यापर्यंत पोचत नाही), बॅटरी पॅक, थोडे सुटे युरो. लहान स्थळांवर दुपारी एकच्या सुमारास फाटक बंद होतं आणि तीन-चारला उघडतं. मी एकदा एक वाजून पाच मिनिटांनी पोचलो आणि कुलपासमोर दोन तास बसलो. तेव्हापासून तिकिटाची ठिकाणं सकाळी आणि रानातली संध्याकाळी, असं ठेवतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दगडांचे थरही जास्त स्पष्ट दिसतात. जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी 'कुलुर्जोनेस' मागावं. बटाटा, चीज आणि पुदिना भरलेल्या, कणसासारखी शिवण घातलेल्या करंज्याच त्या, फक्त उकडलेल्या. कुरकुरीत 'पाने काराझाऊ' ही मेंढपाळांची भाकरी. ती सोबत बांधून घ्या, पापडासारखी टिकते.

मुक्कामाला परतलात की कपडे काढून अंग नीट तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली. मेंढ्यांच्या रानात गोचीड असतातच. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही.

परतीचं विमान काल्यारीहून असेल तर अर्धा दिवस तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयाला द्या, पण शेवटी, बुरूज पाहून झाल्यावर. तिथे वीतभर उंचीचे ब्राँझचे पुतळे आहेत: धनुर्धारी, हात वर करून नमस्कार करणारे, खांद्यावर मेंढरू घेतलेला एक जण. एवढे दिवस रिकामी दालनं पाहिलेली असतात. त्या मेंढरूवाल्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. त्याच्या पायात काय आहे तेही वाकून पाहिलं.